घरचं दळण

चुकलं असंल बघा पावणं, त्या मेसेजात बरंच काय काय चुकलं असंल — मला लिवायची सवय न्हाई, नववीतनं शाळा सोडली — साधंच आपलं, येतंय तसं लिवलं, गिरणी द्यायची हाय, दगड चांगला हाय, येऊन बघा — दाजी मागं हुबं हुते, त्येनी सांगितलं तसं. तुमी समजून घेतलं आणि वाईवरनं पार हितं औंधाला आला, लय झालं. बसा की. त्या पोत्यावर बसा, कपडं पांढरं हुतील, पण गिरणीत आलं की ते हुणारच. लाईट व्हय? येईल. सकाळी हुती, मग गेली — येईल. मशीन चालू बघितल्याबिगर तुमी तरी कसं पसंत करणार, बरोबर हाय, मी काय म्हणत न्हाई.

आवं आवं — त्या पिठाला हात नका लावू. न्हाई, रागावलो न्हाई. तोंडात नका टाकू एवढंच. आमचं घरचं हाय ते, आणि खर हाय त्यात, बारीक वाळूगत. दगडाची खर. ही पयलीच गिरणी व्हय तुमची? मग सांगतो. दगड घासून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायला लागते — छिन्नी घ्यायची आणि खाचा पाडत बसायचं, न्हाईतर पीठ जाड पडतं आणि पोळल्यागत गरम येतं. आणि टाकी लावल्यावर पयलं जे दळाल त्यात दगडाची खर उतरते. सगळ्याच गिरणीत उतरते. मग कोण कोंडा घालून काढतं, कोण किडकं धान्य घालतं, आणि कोण — नाव कशाला घ्या — ज्याचा डबा पुढं असंल त्याचंच दळून मोकळं हुतं. आबा घरचं दळायचे. आबा म्हंजे माझे वडील, लालासाहेब, गिरणी त्येंचीच की, तेरावं झालं काल. टाकी लावली की पयला आमचा डबा, आणि ते पीठ टाकायचं न्हाई, खायचं. आई म्हणायची, म्हशीला घाला की. तर आबा म्हणायचे, म्हशीनं काय घोडं मारलंय आपलं? मग आई — ती लय बोलकी हाय, म्हंजे हुती, आता गप असती — आई म्हणायची, लग्नात अंगावर गुंजभर सोनं घातलं न्हाई ह्या माणसानं, पोटात दगूड तेवढा घातला. आबा हसायचे. भाकरी कचाकचा वाजायची, आमी खाली बघून हळूहळू चावायचो. गावात कुणाच्या ताटात खर गेली न्हाई कवा. कुणाला ठावं पण न्हाई तसं. सांगायचं काय त्यात.

चहा? आई पाठवती. व्हय, सांगतो की, मशीनचं सांगतो — मोटर चांगली हाय, पट्टा गेल्या दिवाळीत बदललाय. मी लहानपणापासनं हितंच. मला चारचौघांत बोलायला जमत न्हाई, शाळंत बाईंनी उठवलं की घाम फुटायचा, हितं बरं वाटायचं — मशीनच्या आवाजात कोण काय इचारतच न्हाई. आबा आणि मी हातानंच बोलायचो. चिमूट दाखवली की बारीक दळ. मूठ दाखवली की जाड. हात पालथा करून असा हलवला, की ‘न्हाई, हे घेत न्हाई, परत ने’ — कुणी भिजकं धान्य आणलं, तिखट मिठाचं काय आणलं, की असं. बायका भांडायच्या, आवं लालासाहेब, तुमच्या तोंडात काय मिठाची गुळणी हाय का म्हणून. आबांचा हात पालथाच. आणि छातीवर थाप मारून बोट गरागरा फिरवलं, की घरचं दळ. घरी जेवायला बसलो तरी तेच, भाकरी पुरं म्हणायला पण हातच. आई म्हणायची, दोन मुक्यांत माझा जलम गेला.

त्या दिवशी सकाळी त्येनी टाकी लावली. मी दगड चढवायला हात दिला. मनुबाईचा डबा पयला लागलेला — तो काय, पितळी कडीचा, तिला दात न्हाईत, तिला एकदम मऊ पीठ लागतं. आबा म्हणाले, बसतो जरा. तोंडानं म्हणाले, म्हणून मी बघितलं. तर घाम. मग जीप, मग सांगली — आमची ताई सांगलीला दिलीया, दाजी म्हणाले हितंच आणा, वळखीचा दवाखाना हाय. तिथं नर्सबाईनं ओल्या फडक्यानं त्येंचं तोंड पुसलं — आणि पावणं, भुवया काळ्या. आबांच्या भुवया काळ्या हुत्या. मी जलमल्यापासनं पांढऱ्याच बघितल्या. मला वाटायचं आबा म्हातारे हायत. म्हातारे न्हवते हो. मी बघतच बसलो, डॉक्टर काय सांगत हुता ते ऐकलंच न्हाई.

तोंडात नळी घातलेली, बोलता येत न्हवतं. संध्याकाळच्याला डोळं उघडलं आणि हात उचलला — छातीवर थाप, आणि बोट फिरवलं. परत थाप, परत बोट. हरणाबाई आत्या हुती, तिनं हंबरडाच फोडला, माझा भाऊ यमाईला फेरी बोलतुय गं! दाजी म्हणाले, आत्या, छातीत दुखतंय म्हणत्यात, डॉक्टरला बोलवा. ताई मला म्हणाली, सया, तू दिवसभर असतोस त्येंच्यासंगं, काय म्हणत्यात? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला ठावं हुतं. घरचं दळ म्हणत हुते. टाकी लावलेला दगड तसाच सोडून आलेलो, म्होरं मनुबाईचा डबा — त्यास्नी भ्या वाटत हुतं, हे पोरगं जाऊन तिचंच घालंल. पण आता एवढी माणसं, आत्या रडतीया, आणि मी काय सांगू — पिठाचं बोलत्यात म्हणून? म्हटलं, ठावं न्हाई. आणि सगळे डॉक्टरकडं वळले तवा मी हळूच माझ्या छातीवर थाप मारली आणि बोट फिरवलं. त्येनी हात खाली ठेवला. मग परत उचलला न्हाई.

आत्या अनवाणी डोंगर चढून फेरी घालून आली. गावभर सांगती, शेवटाला देवीचं नाव घेतलं भावानं. सांगू दे. बरं वाटतंय तिला. हे — हे तुमालाच पयल्यांदा बोललो. कसं बोललो कुणास ठाऊक. लाईट न्हाई म्हणून असंल, हितं एवढं शांत नसतं कवा.

रडू? न्हाई आलं. लोकं बघत हुती, आता रडंल मग रडंल. मी अंगणातल्या चपला सरळ करत हुतो. काल जेवणं उरकल्यावर दाजी म्हणाले, आता घरोघरी घरघंटी आलीया, पाकिटातलं पीठ आलंय, ही गिरणी किती दिवस चालणार, कुपवाडला कंपनीत लावतो तुला, मोबाईल काढ, लिव. दाजींचं चूक न्हाई. चांगले हायत दाजी. मी लिवलं. तोंडानं न्हाई म्हणायला मला जमतच न्हाई हो, शाळंत जमलं न्हाई, काल पण जमलं न्हाई.

आणि आज सकाळी उठलो, आंघोळ केली, आणि घरचा डबा घेऊन हितं आलो. म्हटलं, गिरणी कुणाची बी हुईना, दगडाची खर आमच्यातच जाऊ दे. दळलं. गेली का खर, चिमटीत धरून बघितलं, परत थोडं घातलं. शेवटचं एकदम साफ आलं. पयलं घरी नेलं, त्यातलंच हे उरलंय. आईनं भाकऱ्या केल्या. एक घास घेतला, कचकन वाजला. ती थांबली. म्हणाली, टाकी लावलीस व्हय रं? म्हटलं, न्हाई. त्येंचीच हाय. मग तिनं तो घास चावला, सावकाश, आणि आणखी अर्धी भाकरी वाढून घेतली. एवढंच. मग मी भांडी इसळली, मग तुमचा फोन आला, वाटंत हाय म्हणून.

मनुबाई डबा न्यायलाच आली न्हाई बघा एवढ्या दिवसांत. काल जेवायला आलती, म्हटलं, डबा ने, दुसरीकडं दळून आण. तर म्हणाली, राहू दे लेकरा, मला घाई न्हाई.

ही बघा, आली लाईट. उठा, पट्ट्यापासनं लांब हुबं ऱ्हावा. त्यो डबा द्या हिकडं — पितळी कडीचा — व्हय, तोच. चालू करतोय आता. तुमचा हेलपाटा झाला पावणं, वाईट वाटून घेऊ नका, चहा घेऊनच जावा. काय? न्हाई, आता काय ऐकू यायचं न्हाई. माझ्या हाताकडं बघा.