काठी घेऊन सासुरवाडीला

कोल्हापूरच्या एस्टी स्टँडवर मी वडगावच्या रांगेत होतो. शेजारी गडहिंग्लजच्या रांगेत एक नवराबायको उभे होते. नवऱ्याच्या हातात गळाची लांबलचक काठी होती.

"माझ्या आजारी बाला बघायला निघालोय आपुन. ही काठी कशाला घेतलीसा?"

"तिकडं नदीला झकास मासं गावत्यात म्हणं. मामांस्नी ताजा रस्सा हुईल की."

"डॉक्टरनं त्यास्नी पेजेवर ठेवलंय."

"मग आपुन खाऊ."

"गेल्या ऐतवारी दिवसभर रंकाळ्यावर बसलासा. काय आणलंसा?"

"अगं झुंबर, एक मासळी गावलीती. बारकी हुती म्हणून सोडली."

"आन् पोराचं बारसं टाकून गेलतासा, तवा?"

"तवा गळच तुटला."

गाडी आली. कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, काठी आत न्हाय चालायची! कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

"जरा थांबा की मास्तर, कुठंतरी ठिवून येतो!"

"नगा ठिवू. तिच्याजवळच ऱ्हावा," म्हणत झुंबरबाई एकटीच चढली. "बानं इचारलं तर सांगते, जावयाला सवड न्हाय."

गाडी सुटली. तो धुरळ्यात बघत राहिला, मग माझ्याकडं वळला.

"पावणं, गडहिंग्लजची पुढची गाडी कवा?"

"आता दुपारनंतरच."

"मग रंकाळ्यावर एक चक्कर हुतीय की!"