झुंबराखालची सोयरीक

जामखेड स्टँडवर खर्ड्याच्या गाडीची वाट बघताना शेजारच्या बाकावरच्या दोघींचं हे बोलणं फुकटात ऐकायला मिळालं.

"केशरबाई, तुमच्या पोराची, कल्याणची सोयरीक जमवायला पोरीकडचे घर बघून गेले म्हनं?"

"व्हय. पोरगीबी आल्ती. त्यांच्यासाठीच तर घर सजवलं. दोन झुंबरं, चार भिंतींना चार रंग, काचंची सतरा हरनं."

"मग पाव्हने बसले कुठं?"

"वसरीत. आत जागाच न्हाई."

"पोरगी काय म्हनली?"

"लई आवडलं तिला. हरीन हातात घेऊन इचारलं, हे सगळं रोज पुसतं कोन?"

"मग?"

"म्हनलं, आजवर मीच पुसलं, बाई. तू आलीस का मी सुटले."

"आन् मग?"

"हरीन जाग्यावर ठेवलं आन् गेली. काय कमी पडलं, कळंना. रविवारी दुसरे येनारेत, तवर एक कारंजं बसवते."