पाचव्या पानावरचं फडकं

भिंगरी : माझ्या खणात काय शोधतेस?

ताई : काही नाही. पेन्सिल.

भिंगरी : पेन्सिल तुझ्या कानावर आहे, ताई. आणि हा कागद कसला पडलाय? थांब, ओढू नकोस, फाटेल! "मी चौदा वर्षांची असताना आईच्या कापड रंगवण्याच्या दुकानात सात बादल्या मांडल्या..."

ताई : इकडे दे तो.

भिंगरी : "निळा रंग कापडावर डागाडागांनी का बसतो, ते मला शोधून काढायचं होतं." मला? मला म्हणजे कोणाला?

ताई : भिंगरे, चाळीस मिनिटांत संगणकावर माझी मुलाखत आहे. हात जोडते, कागद दे.

भिंगरी : चौदा वर्षांची तू असताना दुकानाची पायरीसुद्धा उतरायची नाहीस. रंगाच्या वासानं तुझं डोकं दुखायचं. चौदा वर्षांची मी होते, गेल्या वर्षी! बादल्या मी मांडल्या, वही मी लिहिली, निळी नखं घेऊन दहा दिवस शाळेत मी गेले. अख्खा वर्ग मला भूत म्हणत होता. आणि परदेशी कोण चाललंय? तू!

ताई : हळू बोल. आई खाली आहे.

भिंगरी : ऐकू दे की! कळू दे तिला, तिच्या गुणी लेकीनं परदेशच्या कॉलेजला काय लिहून पाठवलंय ते.

ताई : शेवटचा दिवस होता गं अर्जाचा. त्यांनी विचारलं होतं, तुम्ही स्वतःहून काहीतरी शोधून काढलंत असा एक प्रसंग लिहा. तीन तास बसले मी. एकवीस वर्षांत एक प्रसंग सापडला नाही.

भिंगरी : दरवर्षी पहिली येतेस की!

ताई : दुसऱ्यांनी शोधलेलं न चुकता लिहून येते. तेवढंच येतं मला.

भिंगरी : आहाहा! म्हणजे आता मी तुझी कीव करायची?

आई : (दारातून) काय गोंधळ चाललाय? भिंगरे, छळू नकोस तिला. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या. कंगव्यात केस बघितलेस का, किती गळतायत?

भिंगरी : मी छळतेय? मी?

आई : खिडकी लाव ती. रस्त्याचा आवाज येतो. मी दुकानातलं यंत्र बंद ठेवलंय तासभर, गिऱ्हाइकाचे पडदे तसेच पडलेत ओले.

भिंगरी : माझ्या परीक्षेला नाही कधी बंद ठेवलंस.

आई : तुझ्या परीक्षा दर महिन्याला असतात गं. आम्ही काय दुकान बंद करून बसायचं? ताई, बाळा, घाबरू नकोस हं. मुलाखत झाली की चहा पाठवते. किटली ठेवलीच आहे.

भिंगरी : गेली. बघितलंस? तू ताई, बाळा. मी खिडकी लाव. तू आजारी पडलीस की घरात सगळे चवड्यांवर चालतात. मला ताप आला तर म्हणतात, शाळा बुडवायचं नाटक. कपाटाचे चार कप्पे तुझे, दीड माझा. ती मोठी चाकांची बॅग आणली तुझ्यासाठी, मी नुसती ढकलून बघितली तर ओरडलात सगळे. तरी मी म्हटलं, जाऊ दे. ताई गेली की खोली माझी. खडूनं रेघसुद्धा मारून ठेवलीय, पलंग कुठे सरकवायचा त्याची.

ताई : बघितली. पलंगाखाली.

भिंगरी : एकच गोष्ट होती, जी तुझ्याकडे नव्हती आणि माझ्याकडे होती. तीही तुला लागली?

ताई : हो, लागली! कारण तू बादलीत हात घालतेस आणि काहीतरी सापडतं तुला. शिंतोडे उडवतेस, सांडतेस, चुकतेस आणि सापडतं. मी चार वर्षं प्रयोगशाळेत एक थेंब सांडला नाही आणि एक गोष्ट सापडली नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तू बक्षीस घेताना टाळ्या वाजवत होते ना, तेव्हा तुझ्याकडे बघवत नव्हतं मला. जळत होते मी तुझ्यावर. झालं समाधान?

भिंगरी : ...माझ्यावर?

ताई : नाहीतर काय शेजारणीवर?

भिंगरी : मग खणात काय शोधत होतीस? खरं सांग.

ताई : तुझी वही. परवा त्यांचं पत्र आलं, मुलाखतीत ती नोंदवही दाखवा म्हणून. तीन दिवस तुला विचारायचा धीर गोळा करतेय.

भिंगरी : आणि धीर झाला नाही म्हणून चोरी करायला निघालीस. वा! मी नाही दिली तर?

ताई : तर नाही.

भिंगरी : चौथ्या बादलीत काय होतं?

ताई : उकळून गार केलेलं पाणी. त्यातलं फडकंच तेवढं एकसारखं रंगलं.

भिंगरी : आणि पाणी का उकळलं?

ताई : अर्जात लिहिलंय तसं, त्यातले क्षार जावेत म्हणून.

भिंगरी : चूक! मला तेव्हा काय ठाऊक क्षार-बिर? नळाचं पाणी गेलं होतं. दुकानातल्या बायकांच्या चहाची मोठी किटली होती ना, त्यातलं गार झालेलं पाणी दिलं ओतून. मला तर वाटलं, प्रयोग फुकट गेला. वहीत चौथ्या बादलीवर काट मारली मी! दुसऱ्या दिवशी फडकी वाळली, तर तेच एक सुंदर. बाकी सगळी माकडाच्या तोंडासारखी.

ताई : हे असं नाइलाजानं झालं, ते मला कधीच सांगितलं नाहीस.

भिंगरी : कुणालाच नाही. सगळे हुशार म्हणत होते, त्यात कशाला मध्येच गेलेला नळ आणायचा? घे वही. उशीखाली असते, खणात नाही. अशी बघू नकोस, तुझ्यासाठी देत नाहीये. तुझी मुलाखत फसली तर खोली मिळायची नाही मला.

ताई : भिंगरे...

भिंगरी : पण पाचव्या पानावरचं फडकं हलवू नकोस.

ताई : का?

भिंगरी : नीट चिकटलंय. का म्हणे! जा, ओढणी सरळ कर, आणि कानावरची पेन्सिल काढ.

(तासाभरानं, त्याच खोलीत. खाली यंत्र पुन्हा सुरू झालं आहे.)

भिंगरी : काय झालं? बोल ना. रडलीस?

ताई : नाही. नाक गळतंय.

भिंगरी : डोळ्यांतून?

ताई : तीन जण होते. एका बाईंनी वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. म्हणाल्या, चौथ्या बादलीवर काट का मारलीत? उत्तर पाठ होतं माझं. तूच शिकवलेलं. नळ, किटली, सगळं. तोंड उघडलं आणि तुझा आवाज आला डोक्यात. "चूक!"

भिंगरी : मग?

ताई : म्हटलं, काट माझ्या बहिणीनं मारली. वही तिची, बादल्याही तिच्याच. मी लिहायला नको होतं.

भिंगरी : वेडी आहेस का तू? जिंकलेला किल्ला हातात दिला मी तुझ्या आणि तू दार उघडून बाहेर आलीस? काय म्हणाले?

ताई : त्या बाई म्हणाल्या, या सगळ्यात तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, तिला नंतर कारण समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याची काही नोंद आहे का?

भिंगरी : ...आणि?

ताई : वही तशीच धरलेली होती. पाचवं पान उघडं. त्यांनीच विचारलं, बाकीची फडकी एका कडेला चिकटवलीयत, हेच चारही बाजूंनी का? खाली काही आहे का?

भिंगरी : उचललंस?

ताई : नाही. म्हटलं, वही माझी नाही, विचारावं लागेल.

भिंगरी : मग गेलं का सगळं?

ताई : उद्या संध्याकाळपर्यंत वेळ दिलाय. म्हणाल्या, नवा प्रसंग लिहा, तुमचा स्वतःचा. मग ठरवू. आता कुठून आणू मी? तू आपली खडूची रेघ पुसून टाक.

भिंगरी : ताई.

ताई : हं.

भिंगरी : खाली तुझं अक्षर आहे. फडकी वाळली त्या दिवशी मी धावत वर आले आणि म्हटलं, किटलीतलंच पाणी का चाललं? तू किटली पालथी केलीस, आतली पांढरी खपली नखानं काढून माझ्या हातावर ठेवलीस. म्हणालीस, कपड्यावर बसायचं ते इथे बसलंय. आणि पानभर चित्रं काढून समजावलंस. परीक्षकांनी त्या पानासाठी बक्षीस तुलाच दिलं असतं. म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वर फडकं लावलं मी, आणि तेच सगळं पुढच्या पानावर माझ्या अक्षरात उतरवलं.

ताई : ठाऊक आहे.

भिंगरी : काय?

ताई : प्रदर्शनात पाहिलं मी. डिंकाचे ओघळ आले होते चारही बाजूंनी.

भिंगरी : आणि बोलली नाहीस?

ताई : तू इतकी खूश होतीस. आणि मला वाटलं, एका पानाचं काय एवढं. माझ्याकडे होतीलच अशी पुष्कळ.

आई : (खालून) अगं, चहा गार होतोय! न्या कोणीतरी किटली वर!

भिंगरी : मी आणते. चहा आधी कपात ओत हं, आई, आणि वेगळं कोमट पाणी दे थोडं! ताई, वही उघडून ठेव. कोमट पाणी लावलं की डिंक सुटतो.

ताई : आणि खालचं अक्षर?

भिंगरी : पेन्सिलनं लिहिलं होतंस. पाण्यानं नाही जात.