मांडीवरचा मॉनिटर

दिल्लीची मेट्रो सरोजिनी नगरहून सुटली आणि अक्षताच्या कानावर मराठी आलं. शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला मॉनिटर होता.

"रात्री कॉम्प्युटर झोपतो ते ठीक," आजोबा कुरकुरत होते. " सकाळी उठवला की आवाज येतो, पडदा मात्र काळाच."

"संपदाचा व्हिडिओ कॉल वाजत राहतो, उचलायचा कुठं तेच दिसत नाही. पोरीचं तोंड पाहून आठवडा झाला."

"केबल बदलली, रॅम पुसली. आता दुकानदार म्हणतो, मॉनिटरच घेऊन या."

"बरं झालं. तो दिवा तरी लुकलुकायचा थांबेल."

"कुठला दिवा?"

"पडद्याखालचा. रात्री डोळ्यांवर येतो, म्हणून मी रोज बटण दाबून बंद करते."

अक्षताने हातातला मोबाइल खाली ठेवला.

"कुसुम, मग सकाळी तेच बटण परत का दाबत नाहीस?"

"सकाळी कुठं लुकलुकतो तो?"

आजोबांनी मॉनिटर मांडीवरून उचलून काखेत घेतला.

"चल, पुढच्या स्टेशनला उतरू. घरी जाऊ."

"अहो, असं कसं? दुकानदार बिचारा वाट बघत असेल."

"अच्छा. आणि त्याला सांगायचं काय?"

"तेवढा दिवा काढून द्या म्हणावं."