राजाची उडी

मोबाइलवर बुद्धिबळात आपल्याले कोणी हरवत नाही, हे तुमाले ठाऊकच हाय. त्याच तोऱ्यात मी पोरगी पाहाले कारंजाले गेलो अन् तिच्या बाबासंगं डाव मांडला. पुढच्या चालीत मात होती, तं बाबानं राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला!

"हे काय?"

"आमच्याकडं राजाले एकदा उडी असते."

हरलो. म्हटलं, "माहा खेळ कसा वाटला, सांगा."

"हल्ला जबरदस्त हाय, जवाईबापू. कच्चं एकच, दुसऱ्याच्या घरचे नियम आधी इचारत नाही तुमी."

लगन झाल्यावर पह्यल्याच दिवशी बायकोले इचारलं, "आपल्या घरी राजा कसा चालते?"

"वजिराले इचारून."

सासऱ्याचे लय उपकार हायेत बाप्पा! नाही तं म्या तिलेच शह दिला असता.