ऑपरेटरसाठी शून्य दाबा

...आणि वर मलाच म्हणतात, तुझा फोन बिघडलाय! माझा? अहो, तीन ऑफिसं, एक गोडाऊन, सदुसष्ट एक्स्टेन्शनं, सगळी इंटरनेटवरून एकमेकांना जोडली मी. म्हणजे जोडली इंजिनियरनं, पण कागदावर सही माझी, म्हणून बोलणी मला. पूर्वी गोडाऊनला फोन करायचा तर बाहेरची लाइन घ्या, अख्खा नंबर फिरवा, तो एंगेज... आता तीन आकडे दाबले की तिकडे घंटा. टेबलावर फोनसुद्धा नको, लॅपटॉपमध्येच फोन, कानाला हेडफोन. तुम्हाला सांगतो, आमच्या ऑपरेटरबाई, एकवीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर, गुडघे पार गेलेले, त्यांनाही लॅपटॉप देऊन घरी बसवलं... म्हणजे काढलं नाही हं, घरी बसून काम. ज्याला कुणाशी बोलायचं ते कळत नाही त्यानं शून्य दाबायचं, बाईंच्या घरी वाजणार. आता यात माझं काय चुकलं?

तर आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील, वय एक्क्याऐंशी, एकटे राहतात. रोज सकाळी अकराला त्यांचा फोन, तोही ऑफिसच्याच नंबरावर, मोबाइलवर म्हणे माणूस कुठे असेल त्याचा नेम नाही. नवीन फोन सुरू झाले त्या सोमवारी आप्पांचा फोन नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. संध्याकाळी मीच केला तर म्हणाले, "रोज करतोय रे. तुझा फोन बिघडलाय."

इंजिनियरला धरलं. शांत माणूस. म्हणाला, "साहेब, आलेत की फोन. रेकॉर्डिंग आहे, ऐका."

ऐकलं. आधी आमची रेकॉर्डिंगवाली, मधाळ आवाजात, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." आणि आप्पा म्हणतात, "असं का? बरं वाटलं हो ऐकून." ती म्हणते, "तक्रारीसाठी दोन दाबा." आप्पा म्हणतात, "छे छे, तक्रार कसली." ती, "ऑपरेटरसाठी शून्य दाबा." आप्पा शून्य काही दाबत नाहीत. "कृपया प्रतीक्षा करा." "हो हो, सावकाश होऊ द्या." आणि मग चार मिनिटं, कारण काही दाबलं नाही तर माणसाला थांबवून ठेवा ही सूचना माझीच, चार मिनिटं ते टिंगटिंग संगीत आणि मधून मधून आप्पांचा खोकला. शेवटी, "कामात दिसताय. ठेवतो." अशी तीन दिवसांची तीन रेकॉर्डिंगं. मला हसू आलं, आणि तिन्ही रेकॉर्डिंगं मी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. आता यात माझं... जाऊ दे.

विचारलं, "आप्पा, शून्य का नाही दाबलंत?" तर म्हणाले, "ऑपरेटरशी मी काय बोलू? मला बाई हव्या होत्या." एकवीस वर्षं आप्पांचा फोन बाईच उचलायच्या, बाई म्हणजे बाई. त्यांना ऑपरेटर म्हणतात हे आप्पांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हटलं, बाई कशाला मध्ये, आप्पांना बोलायचंय माझ्याशी ना? इंजिनियरकडून करून घेतलं, आप्पांचा नंबर आला की एक नाही, दोन नाही, सरळ माझ्या लॅपटॉपवर घंटा. दुसऱ्या दिवशी पावणेअकरापासून हेडफोन घालून बसलो. वाजला. "बोला आप्पा." पलीकडून आधी खोकला. मग, "तू? बाई कुठायत?" म्हटलं, "घरी असतात आता." "मग घरी जोड की. गोडाऊन जोडलंस, बाई नाही जोडता येत?"

जोडल्या. काय करता? स्क्रीनवर बाईंच्या एक्स्टेन्शनपुढे लाल ठिपका, म्हणजे बोलतायत. बारा मिनिटं मी त्या ठिपक्याकडे बघत बसलो. मग माझा फोन वाजला. बाई. "साहेब, आप्पा आहेत लाइनवर. विचारतायत, साहेब मोकळे आहेत का?"

अहो, आत्ताच तर मी... असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षांत "आप्पांना मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा" असं मी बाईंना किती वेळा म्हटलं असेल, त्याची काही मोजदाद नाही. आणि ती प्रत्येक मीटिंग बाईंनी आप्पांशी गप्पा मारत काढली.

म्हटलं, "मोकळा आहे, बाई. द्या."

बाई म्हणाल्या, "जरा थांबा हं साहेब, त्यांचं बोलणं अर्धवट राहिलंय."

थांबलोय.