गुलाबाजवळची खुर्ची

ताई : आधी ती खुर्ची उचल.

भाऊ : कशाला? मागच्या बाजूनं उकर ना.

ताई : मी सहज भेटायला येणार होते. तूच काल फोनवर रडगाणं लावलंस, ताई, गुलाब हातचा जातोय, काहीतरी कर.

भाऊ : जातोयच. रोज बादलीभर पाणी घालतो. खत झालं, फवारणी झाली. पानं पिवळीच. तुझ्या वहिनीच्या हातचं आता एवढंच उरलंय गं.

ताई : म्हणूनच म्हणते, उचल. हे बघ, खुर्चीच्या पायांनी खड्डे पाडलेत. एवढं मोठं अंगण सोडून बुंध्याला चिकटून काय बसतोस?

भाऊ : ही घे, केली बाजूला. बसतो संध्याकाळी. बोलतो जरा.

ताई : झाडाशी?

भाऊ : हसायचं नाही हं.

ताई : हसले का मी?

भाऊ : दिवसभर तोंड मिटलेलं असतं. ती होती तेव्हा फिरून आलो की विचारायची, गुडघा कसा आहे? मी वैतागायचो. आता तेवढंही कुणी विचारत नाही. मग मीच येऊन सांगतो, आज जरा बरा आहे.

(ताई खुरप्यानं माती टोकरून बघते.)

भाऊ : काय बघतेस?

ताई : अरे वेड्या, तू वर गप्पा मारतोस आणि खाली मुळांचा जीव घुसमटतोय. रोज बसून, येरझाऱ्या घालून माती दडपून टाकलीस. मुळांनाही हवा लागते. पाणी वरच्यावर तुंबतं आणि वाहून जातं. काल फोनवर सांगून नळ थेंबथेंब सोडायला लावला, म्हणून आज खुरपं एवढं तरी रुततंय.

भाऊ : म्हणजे मीच मारतोय त्याला.

ताई : झालं, लागला सूर! अजून जिवंत आहे ते. तो माती सैल करायचा दातेरी काटा घे. बुंध्यापासून हातभर लांब. सरळ खाली रोव. आता दांडा मागे ओढ, हळू. बस्स, काढ.

भाऊ : माती उलटीपालटी करायची नाही?

ताई : अजिबात नाही, मुळं तुटतील. नुसती उचलून सैल करायची. थोडं पुढे सरक, परत रोव.

भाऊ : ताई, गांडूळ!

ताई : राहू दे त्याला. तुझ्यापेक्षा बरं काम करतं.

भाऊ : आता?

ताई : आता वरून कुजलेलं शेणखत, त्यावर वाळका पाला. आणि इथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

भाऊ : मग मी बसू कुठे?

ताई : तिकडे, पायरीपाशी.

भाऊ : फार लांब होतं गं. हळू बोललेलं पोचायचं नाही.

ताई : मग मोठ्यानं बोल.

भाऊ : शेजारी ऐकतील. म्हणतील, म्हातारा चळला.

ताई : ऐकू देत. एखादा येईल तरी चौकशीला.

(भाऊ खुर्ची उचलून पायरीकडे चालू लागतो.)

ताई : अरे, जपून. गुडघा कसा आहे रे?